पान ओळखून घ्या (गीता ९.२६)



आजचा श्लोक सगळ्यांच्या ओळखीचा. पान, फूल, फळ, पाणी, भक्तीनं दिलेलं काहीही देव स्वीकारतो. यादीत पहिलं पान आहे, म्हणून आज पानाबद्दलच.

जर्मनीत आम्ही भाड्यानं घेतलेल्या घराला बारमाही हिरव्या झुडपांचं कुंपण होतं. जाड, चकचकीत, लांबट पानं. शेजारच्या आजोबांनी नाव सांगितलं, ‘लोर्बेर’. मोबाइलवर भाषांतर बघितलं तर तमालपत्र! त्या गुरुवारी नैवेद्याला मसालेभात होता आणि डब्यातलं तमालपत्र संपलेलं. मी चार पानं तोडून आईच्या हातात दिली. तिनं सवयीनं एक चुरगाळून हुंगलं. म्हणाली, "अरे, ह्याला कडू बदामाचा वास येतोय. हे नको."

आई वाचवते म्हणतात ते असं. ते होतं ‘किर्शलोर्बेर’, आलुबुखारच्या कुळातलं. पान चुरगाळलं की त्यातून सायनाइड सुटतं. आजोबांनी बोलण्यात अर्धंच नाव घेतलं होतं. (चुकीच्या नावाचा व्हेरिएबलसुद्धा मुकाट चालतो, एरर येत नाही!)

खरं लोर्बेर भूमध्य सागराकडचं. पान लहान, कडा किंचित लहरी, वास मसाल्याचा, मधोमध एकच ठळक शीर. आपलं तमालपत्र त्याच्याच कुळातलं, पण त्यावर देठाकडून निघालेल्या तीन लांब शिरा दिसतात. एवढं लक्षात ठेवा आणि तरीही शंका आली तर पान घालूच नका.

श्लोकात भक्तीचा उल्लेख दोनदा येतो. मला वाटायचं, भाव असला की झालं. पण जे पान देवापुढे ठेवून मग घरच्यांच्या ताटात वाढणार, ते नीट बघून घेणं भक्तीत येत नाही का?

नंतर खऱ्या लोर्बेरचं रोप कुंडीत लावलं. ऊन हवं, पाण्याचा निचरा हवा, वरची माती सुकली की मगच पाणी. थोडी थंडी सोसतं, पण कुंडीतली मुळं गोठू द्यायची नाहीत. पहिल्या हिवाळ्यात मी प्रेमानं हीटरशेजारी ठेवलं आणि निम्मी पानं गळाली. आता ते जिन्यातल्या थंड, उजेडाच्या खिडकीत असतं. कुंपण आहे तिथेच आहे. इथे १ मार्च ते ३० सप्टेंबर कुंपण मुळापर्यंत छाटायला बंदी असते, पक्ष्यांची घरटी असतात म्हणून. हलकी छाटणी चालते. तीही मी हातकात्रीनं करतो, कारण मशीननं अर्धवट कापलेली पानं तपकिरी पडतात.

परवाच्या मसालेभातात कुंडीतली दोन पानं पडली. आईनं व्हिडिओ कॉलवर आधी शिरा दाखवायला लावल्या.