गायनवृंदासाठी मोठी गिटार निवडताना



पानशेतच्या पावसात वीज गेली की माईक बंद पडतो. तरी गिटारची साथ शेवटच्या बाकापर्यंत पोहोचायला हवी. म्हणून मोठ्या पेटीची गिटार घ्यावीशी वाटते. ती कशी पारखावी?

मोठ्या आकारांत ‘ड्रेडनॉट’ सर्वांत प्रचलित. १९०६ च्या ब्रिटिश युद्धनौकेवरून त्याला हे नाव पडले. अमेरिकेतील मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये तो प्रथम बनवला. त्याहून रुंद ती ‘जम्बो’. पेटीत हवा जास्त, वरची फळी रुंद, म्हणून खर्ज भरदार येतो.

पण आकाराइतकीच वरची फळी महत्त्वाची. मधल्या गोल भोकाची कड पाहा. लाकडाच्या रेषा वरून आत सलग उतरल्या तर फळी अखंड; थर दिसले तर प्लायवुड. अखंड स्प्रूसचा आवाज सहसा अधिक मोकळा असतो. मात्र दमट हवेत अशी फळी फुगते व तारा वर उचलल्या जातात. म्हणून पावसाळ्यात गिटार बंद केसमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी.

दुकानात दुसऱ्याला वाजवायला सांगून आपण पंधरा पावले दूर उभे राहावे. वाजवणाऱ्याचा खांदा उचलला जात असेल तर ती पेटी त्याला मोठी आहे.

शेवटी सोबत एकाला गायला सांगा. वाद्याने गीताचे शब्द झाकू नयेत, असे १९६७ च्या ‘मुझिकाम साक्राम’मध्ये सांगितले आहे. शब्द स्पष्ट ऐकू आले, तरच ती गिटार आपली.