सडक्या अंड्यांचा वास आणि पानांची दारं

हायड्रोजन सल्फाइडशी आपली ओळख बहुधा बारावीच्या केमिस्ट्री लॅबमध्ये होते. किपच्या उपकरणात आयर्न सल्फाइडवर पातळ सल्फ्युरिक अॅसिड पडतं, तयार झालेला वायू टेस्टट्यूबमध्ये सोडायचा, कॅडमियम असेल तर पिवळा साका, तांबं असेल तर काळा, आणि लॅबभर सडक्या अंड्यांचा वास! पुढे केमिकल ब्रँचला आलं की तो सेफ्टीच्या लेक्चरला पुन्हा भेटतो. पण हाच वायू झाडं स्वतः तयार करतात आणि निरोप पोचवायला वापरतात, हे मात्र मी सिलॅबसबाहेर वाचलं. (बायोलॉजी दहावीनंतर सुटली आणि शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे ‘पर्णरंध्र’ वगैरे शब्द डिक्शनरीतून घेतलेत. सांभाळून घ्या.)

आधी विषाबद्दल. हवेच्या दहा कोटी भागांत याचा एक भाग असला तरी नाकाला कळतो. पण प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेलं की काही मिनिटांतच नाक बधिर होतं. वास थांबला म्हणजे वायू गेला असं वाटतं, आणि तिथेच घात होतो. सेप्टिक टँकमध्ये उतरलेला कामगार आणि त्याला काढायला मागोमाग उतरलेले दोघे, असे एकदम गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यामागे अनेकदा हाच वायू असतो. पेशीत ऑक्सिजन वापरणारं सायटोक्रोम ऑक्सिडेज हे एन्झाइम तो अडवतो.

हे एन्झाइम झाडांतही असतं, म्हणजे विष त्यांनाही लागू. पाणी साचलेल्या भातखाचरात मातीतले जिवाणू हा वायू बनवतात. मातीत लोह भरपूर असेल तर त्याचं आयर्न सल्फाइड होऊन वायू अडकून पडतो (किपच्या उपकरणाचं बरोबर उलट!). लोह कमी असेल तर मुळं खराब होतात आणि पीक शेवटी शेवटी खचतं. जपानमध्ये याला ‘अकिओची’ म्हणतात.

मग झाड हे विष घरात का ठेवतं? मुळं मातीतून सल्फेट घेतात. पानांतल्या हरितलवकांमध्ये त्याचं आधी सल्फाइट, मग सल्फाइड होतं आणि त्यातून सिस्टीन हे अमिनो आम्ल बनतं. म्हणजे सल्फाइड ही वाटेतली एक पायरी. १९७८ मध्ये विल्सन, ब्रेसन आणि फिलनर यांनी दाखवलं की उजेडात पानं हा वायू बाहेरही सोडतात. जादा गंधक टाकून द्यायची सोय, असाच तेव्हा त्याचा अर्थ लावला गेला. नजर बदलली ती प्राण्यांवरच्या कामामुळे. १९९६ मध्ये आबे आणि किमुरा या जपानी संशोधकांनी तो मेंदूत संदेशवाहकाचं काम करत असावा असं मांडलं. नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइडनंतरचा हा तिसरा वायू-निरोप्या. मग वनस्पतीवाल्यांनीही शोधायला सुरुवात केली.

सगळ्यात छान उदाहरण पर्णरंध्रांचं. पानावरच्या या बारीक छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि पाणी वाफ होऊन बाहेर जातं. प्रत्येक छिद्राला दोन रक्षक पेशी असतात; त्या फुगल्या की दार उघडं, सैल पडल्या की बंद. आपल्या भाषेत कंट्रोल व्हॉल्व्ह. माती सुकली की झाडात अॅबसिसिक अॅसिड हे हार्मोन वाढतं आणि रक्षक पेशीत डीईएस-१ नावाचं एन्झाइम सिस्टीन फोडून थोडा हायड्रोजन सल्फाइड बनवतं. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपात हे एन्झाइम बिघडवलं, तर हार्मोन देऊनही दारं नीट मिटत नाहीत, असं २०१४ मध्ये दिसलं.

एवढासा रेणू करतो काय? प्रोटीनमधल्या सिस्टीनच्या टोकाला एक सल्फर आणि एक हायड्रोजन असतो, तिथे आणखी एक सल्फर जोडला जातो. याला परसल्फिडेशन म्हणतात. एका अणूच्या फरकानं प्रोटीनचं काम बदलतं. २०२० मधल्या संशोधनानुसार डीईएस-१ वरही हे घडतं आणि हायड्रोजन सल्फाइडचं उत्पादन आणखी वाढतं. कंट्रोल सिस्टिम्सच्या सरांना विचारा, हा सरळसरळ पॉझिटिव्ह फीडबॅक! शेवटी पोटॅशियमचे आयन पेशीबाहेर जातात, मागोमाग पाणी जातं आणि दार मिटतं.

आता गंमत. २०१० मध्ये गार्सिया-माता आणि लामातिना यांनी हा वायू पर्णरंध्रं मिटवतो असं छापलं, आणि त्याच वर्षी दुसऱ्या गटानं तो ती उघडतो असं छापलं! दोघांनीही हळूहळू वायू सोडणारं जीवायवाय-४१३७ हे रसायन वापरलं होतं. मिटवतो याच्या बाजूनं नंतर बरेच पुरावे आले, तरी मला वाटतं की खरी अडचण मापाची आहे. हा रेणू पेशीच्या पडद्यातून पंपाशिवाय आरपार जातो. वर सातच्या पीएचला तो जवळजवळ निम्मा आयनच्या रूपात असतो. त्यामुळे बाहेरून दिलेल्या द्रावणातला नेमका किती रक्षक पेशीत पोचला आणि किती लॅबच्या हवेत उडून गेला, हे सांगणं फार कठीण आहे.