वृद्धांच्या अंगावरील काळेनिळे डाग

वार्धक्यात त्वचा पातळ होते व तिच्याखालील सूक्ष्म रक्तवाहिन्या नाजूक बनतात. त्यामुळे किंचित धक्क्यानेही हातांवर काळेनिळे डाग उमटतात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ते अधिकच उमटतात. म्हणून एका डागावरून घरच्या माणसांवर आरोप करणे न्याय्य नव्हे. परंतु चेहऱ्यावर वा पाठीवर मोठे डाग असतील, त्यांचे कारण दर वेळी निराळे सांगितले जात असेल, अथवा कोणा एकाच्या उपस्थितीत ती वृद्ध व्यक्ती गप्प होत असेल, तर ‘वयोमानाने असे व्हायचेच’ म्हणून दुर्लक्ष करू नये.

अशा वेळी प्रथम तिच्याशी एकांतात, धीराने बोलावे. तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवावे व डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. संशयिताला जाब विचारण्याची घाई करू नये. त्याचा राग त्या असहाय जिवावरच निघण्याचा संभव असतो. १४५६७ या राष्ट्रीय दूरध्वनी-क्रमांकावर सल्ला मिळतो. जिवास धोका असल्यास ११२ वर तत्काळ कळवावे. सांभाळाची जबाबदारी असलेल्याने वृद्धास कायमचे टाकून देणे हा २००७ च्या कायद्यान्वये ३ महिन्यांपर्यंतच्या कारावासास पात्र अपराध आहे.