प्रोग्रॅमला हात लावला नाही, मग तो बिघडला कसा?

प्रश्न : दुकानाची बिलं करायला भाच्याने पायथनमध्ये एक प्रोग्रॅम लिहून दिला होता. उबुंटू 20.04 वर तो बिनतक्रार चालायचा. मध्यंतरी कॉम्प्युटर आधी 22.04 आणि मग 24.04 वर अपग्रेड केला. आता आयकॉनवर क्लिक केलं तरी ढिम्म! एररसुद्धा येत नाही. जुनी बिलं गेली का? – एक वाचक, सातारा

उत्तर : बिलांची फाईल बहुधा प्रोग्रॅमपासून वेगळी, तुमच्या होम फोल्डरमध्येच असते आणि अपग्रेड तिला सहसा धक्का लावत नाही. तरी आधी तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवा.

प्रोग्रॅम तोच आहे, पण तो चालवणारा पायथन बदलला. 20.04 मध्ये पायथन 3.8 होता, 24.04 मध्ये 3.12 आहे. आकडा थोडाच पुढे सरकलेला दिसतो, पण पहिला 2019 चा आणि दुसरा 2023 चा. चार वर्षांत बरंच काही काढून टाकलं गेलं.

आयकॉनवरून सुरू केलेल्या प्रोग्रॅमची एरर पडद्यावर येत नाही. म्हणून टर्मिनल उघडा आणि तोच प्रोग्रॅम तिथून चालवा. इंग्रजी मजकुराची रांग लागेल. घाबरू नका, सगळ्यात खालची ओळ तेवढी वाचा. बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट निघते.

‘मॉड्यूल नॉट फाउंड’ असं असेल, तर प्रोग्रॅमला लागणारं पॅकेज सापडत नाही. पिप या पॅकेज घालण्याच्या साधनाने घातलेली पॅकेजं पायथनच्या त्या त्या आवृत्तीच्या फोल्डरात राहतात. 3.8 च्या फोल्डरातली पॅकेजं 3.12 ला दिसतच नाहीत. नाव ‘डिस्टयुटिल्स’ असेल, तर ते मॉड्यूल 3.12 मधून काढूनच टाकलं आहे.

‘इम्पोर्ट एरर’ असेल आणि पुढे ‘कलेक्शन्स’ हा शब्द दिसला, तर 3.10 मध्ये काही नावांचा जुना पत्ता बंद झाला, त्याचा हा परिणाम. बहुधा प्रोग्रॅमने वापरलेलं एखादं जुनं पॅकेज नव्या आवृत्तीचं घेतलं की काम भागतं.

तिसरी ‘टाइप एरर’. खिडक्या दाखवणाऱ्या पायक्यूटी 5 या पॅकेजवर बांधलेल्या प्रोग्रॅममध्ये ती हमखास भेटते. खिडकी मधोमध बसवायला 1366 ला 2 ने भागलं, तर पायथन उत्तर देतो 683.0, म्हणजे दशांशातलं. खिडकीला मात्र पूर्णांक हवा असतो. पूर्वी पायथन ते दशांश गुपचूप गाळून टाकायचा, 3.10 पासून तो साफ नकार देतो. अशा जागी एका तिरक्या रेघेऐवजी दोन रेघा दिल्या की पूर्णांक मिळतो.

या बदलांच्या सूचना पायथनने आधीच्या आवृत्त्यांमध्ये दिल्या होत्या. पण अशा सूचना सर्वसाधारणपणे दडवलेल्या असतात. त्या मुद्दाम चालू करून पाहाव्या लागतात. म्हणून वापरणाऱ्याच्या कानावर काही येत नाही आणि एके दिवशी एकदम दुकान बंद!

एक गोष्ट अजिबात करू नका. सिस्टिमचा पायथन काढून जुना बसवू नका. उबुंटूची स्वतःची अनेक कामं त्याच्यावर चालतात. 24.04 मध्ये पिपने थेट पॅकेज घालू गेलात तर तो अडवतो, तो याच कारणासाठी. जबरदस्तीचा पर्याय असतो, तो वापरू नका. ‘व्हीएनव्ही’ने प्रोग्रॅमसाठी वेगळं वातावरण तयार करा आणि पॅकेजं त्यात घाला. बिलं अडली असतील, तर ‘यूव्ही’सारख्या साधनाने पायथन 3.8 शेजारी बसवून तात्पुरतं काम भागवता येतं. मात्र 3.8 ला ऑक्टोबर 2024 पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, तेव्हा कायमचा इलाज प्रोग्रॅम सुधारणं हाच.

आणि पुढच्या अपग्रेडआधी ‘पिप फ्रीझ’ चालवून पॅकेजांची आवृत्तीसह यादी एका फाईलमध्ये साठवा. ती हाताशी असली, तर कुठलं पॅकेज पुन्हा घालायचं हे आठवत बसावं लागत नाही.