पायाचा ठेका, हाताची चाल

काल तू दिलेला क्विल्टिंगचा तुकडा मी खिडकीपाशी नेला आणि आधी उलटा केला. टाके मागच्या बाजूने वाचावेत गं, तिथे काही लपत नाही. नक्षीतल्या पानाच्या टोकाशी टाक्यांचा नुसता ढीग होता, कारण टोक आलं तसा तुझा हात थांबला आणि सुई चालत राहिली. वळणावर टाके लांबच लांब, बॉबिनचा दोरा तारेसारखा ताठ आणि त्याच्यावर वरच्या दोऱ्याचे फासे, कारण तिथे घाबरून हात पळाला. तू म्हणालीस, "ताई, मशीन माझ्या ऐकण्यातच नाही." मला तुझं ते रडवेलं तोंड रात्रभर आठवत होतं, म्हणून आज सगळं नीट सांगते.

आजवर एक काम तुझ्यासाठी दुसरंच कुणी करत होतं. सुईखालचे दात. अमेरिकेतल्या ॲलन विल्सनने १८५४ साली त्या युक्तीचं पेटंट घेतलं: दात वर येतात, कापड मागे सरकवतात, खाली जातात, पुन्हा पुढे येतात. ब्लाउजची टीप एकसारखी पडते ती या चार हालचालींमुळे. फ्री मोशन क्विल्टिंगला आपण ते दात खाली पाडतो, किंवा जुन्या काळ्या मशीनवर त्यांच्यावर प्लेट बसवतो, आणि साधा पाय काढून डार्निंगचा पाय लावतो. कापड मग हवं तिकडे फिरतं. पण टाका किती लांब घ्यायचा, हे आता मशीनला ठाऊक नसतं. ते तुझ्या पायाने आणि हाताने मिळून ठरवायचं.

यात हिशेब आहे आणि तो सोपा आहे. सुई मिनिटाला ६०० टाके घालत असेल, तर सेकंदाला १० झाले. हात सेकंदाला एक इंच सरकला, तर इंचात १० टाके येतात, छान टाका. हात निम्म्याने मंदावला की इंचात २० टाके, मुंग्यांची रांग. दुप्पट पळाला की इंचात ५, आणि मग गोधडी धुतल्यावर पायाच्या अंगठ्यात अडकणारे धागे. तुझी मशीन कुठल्या वेगाने चालते ते आजच काढ. दात वर ठेव, टाका अडीच मिलिमीटरवर लाव, पाय तुला सोसेल तिथे धर आणि बरोबर दहा सेकंद सरळ टीप मार. २५ सेंटिमीटर टीप आली तर तुझी सुई सेकंदाला १० टाके घालते. साडेबारा आली तर ५. दात खाली पाडल्यावर तेवढंच अंतर तेवढ्याच वेळात तुझ्या हाताने जायला हवं.

"हळू चालव" असं तुला सगळ्यांनी सांगितलं असेल. मला ते पटत नाही. फार हळू चालवलं की प्रत्येक टाका वेगळा दिसतो, प्रत्येकाला हात अडखळतो आणि गोल वळणाला कोपरे पडतात. मधला वेग धर आणि तो सोडू नकोस. नवशिकीची खरी चूक वेग जास्त असण्यात नसते, तो सारखा बदलण्यात असते. पाय एका ठेक्यावर ठेवायचा आणि शिकवायचं हाताला. पाडव्याला शोभायात्रेत ताशाचा ठेका ऐकतेस ना? ताशा धरून असतो म्हणून ढोल त्याच्यावर झेपावू शकतो. पाय तुझा ताशा.

तो पाय धरायचा कसा, तर चप्पल काढ. टाच जमिनीवर पक्की टेकव आणि पॅडल फक्त चवड्याने दाब. काळ्या मशीनला मागाहून मोटर बसवलेली असली, तर पॅडल आधी नुसतं घुमतं आणि मग एकदम झेप घेतं. त्याला उपाय म्हणजे पॅडलच्या फटीत लाकडाची छोटी पट्टी बसवायची, म्हणजे ते ठरावीक खोलीखाली जातच नाही. नव्या मशीनवर वेगाची सरकपट्टी असली, तर ती अर्ध्यावर ठेव आणि पाय बिनधास्त पूर्ण दाब. सुरुवातीला चाक हाताने एकदा फिरवून बॉबिनचा दोरा वर घे, दोन्ही दोरे धरून ठेव. आणि मशीनचा पाय खाली टाकायला विसरू नकोस. डार्निंगचा पाय तसाही कापडापासून जरा अधांतरी दिसतो, त्यामुळे फसायला होतं. वर राहिला तर दोऱ्याला ताणच मिळत नाही आणि खाली जाळं होतं.

मी हे शिकले पायमशीनवर. तिथे एका दाबात सुई चार-पाच टाके घालते आणि वेग मांडीत कळतो, आकड्यात नाही. पायमशीन मिळाली तर महिनाभर तिच्यावरच बस.

लय आणि हात यांचा हाच मेळ चरख्यावरही दिसतो. आपल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, लॅबर्नम रोडला मणिभवन आहे. गांधीजी तिथे दारावरून जाणाऱ्या पिंजाऱ्याकडून कापूस पिंजायला शिकले. यंत्रांविषयी त्यांचं मत सगळ्यांना माहीत असतं, पण १९२४ साली त्यांनी एका यंत्राला अपवाद केला, तो शिलाई मशीनला. त्यांच्या खोलीतले चरखे एकदा जाऊन बघ. सूत कातताना एक हात चाक फिरवतो, दुसरा पेळूतून धागा ओढतो. चाक एका लयीत आणि ओढणारा हात चुकला, की सूत कुठे जाड, कुठे बारीक. तुझ्या पानाच्या टोकाशी नेमकं हेच झालं. तिथे हात थांबवायचा नाही, टोकाला स्पर्श करून लगेच वळायचं. आणि वळणावर घाई आली की श्वास सोड. आपण श्वास रोखून शिवतो, खांदे कानाशी जातात आणि हात पळतो.

सरावाला आजीची नऊवारी मुळीच घेऊ नकोस. मांजरपाटाचे दोन तुकडे, मध्ये पातळ कापसाचा थर, एवढं पुरे. त्यावर पेन्सिलीने ओळी आखून मोडीची अक्षरं गिरव. मोडी लेखणी शक्यतो न उचलता पुढे जाते आणि फ्री मोशनलाही तेच हवं असतं. रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त नको. थकलेला पाय ठेका सोडतो. सुई १४ नंबरची घाल, थर जाड असेल तर १६. कापड ओढलं की सुई वाकून प्लेटवर आपटते आणि मोडते. माझ्या एका सुईचं टोक उडून भुवईला लागलं होतं, दोन बोटं खाली डोळा होता. तेव्हापासून मी चष्म्याशिवाय बसत नाही.

एक आपल्या चाळीपुरतं. जमीन लाकडी तख्तपोशीची आहे, मशीनची थरथर खालच्या खोलीत जशीच्या तशी उतरते. पायांखाली रबराचे तुकडे घाल आणि रात्री नऊनंतर मशीन झाकून ठेव. खालच्या काकूंची झोप हलकी आहे.

रविवारी दुपारी वर ये. मांजरपाट मी आणून ठेवते, तू दहा सेकंदांच्या टिपेचा तुकडा आण. आणि चष्मा घालून ये.