मंडळीतील स्त्रियांची सेवा व अधिकार
(पाठ: रोमकरांस पत्र १६:१-२, प्रेषितांची कृत्ये १८:२४-२६)

वडशाच्या धानपट्ट्यात रोवणीच्या दिवसांत पाहावे, तर चिखलात वाकून रोप लावणाऱ्या बहुतेक स्त्रियाच असतात. श्रम त्यांचे, परंतु बांधीचा निर्णय मात्र त्यांस न विचारता होतो. ही रीत आपण नकळत मंडळीतही आणिली आहे काय, याचा आज विचार करू.

प्रथम शास्त्र पाहू. पौल फीबीची शिफारस करिताना तिला किंख्रियाच्या मंडळीची सेविका म्हणतो. येथील मूळ ग्रीक शब्द तोच आहे, जो अन्यत्र पुरुष सेवकांस लाविला आहे. प्रिस्किल्ला व तिचा पती अक्विला यांनी अपुल्लोसारख्या विद्वान वक्त्यास देवाचा मार्ग अधिक नीट समजाविला. स्त्रियांनी मंडळीत उगे राहावे, हे वचन (१ करिंथ १४:३४) पुष्कळ जण पुढे करितात. परंतु त्याच पत्राच्या ११ व्या अध्यायात स्त्री प्रार्थना करिते व संदेश देते, हे पौलाने गृहीत धरिले आहे. दोन्ही वचने एकत्र वाचावीत.

आपल्या पूर्वेस, छत्तीसगडातील धमतरी येथे, १८९९ साली मेनोनाईट मिशनचे काम सुरू झाले. त्या पंथाचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. १५४९ साली हॉलंडात एलिझाबेथ डर्क्स हिला धरिले, तेव्हा तिजजवळ लॅटिन नवा करार सापडला. धरणाऱ्यांस वाटले, उपदेशकच हाती लागला! तिने कोणास शिकविले, हे वदविण्यासाठी तिच्या बोटांस चाप लाविले. तिने एकही नाव सांगितले नाही. शेवटी तिला पाण्यात बुडवून मारिले.

अशा स्त्रिया ज्या पंथात झाल्या, त्यातही स्त्रीस पाळकपदाची दीक्षा मिळण्यास १९११ साल उजाडावे लागले. त्या वर्षी हॉलंडात अ‍ॅन झेर्निके व अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे अ‍ॅन अ‍ॅलेबाख यांस ती मिळाली. पुढे १९७३ साली अमेरिकेतच एमा रिचर्ड्स यांस दीक्षा मिळाली, आणि वाट हळूहळू रुंद झाली. तरी आजही सर्व मेनोनाईट मंडळ्यांचे यावर एकमत नाही.

आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी कोणत्याही पाळकपदाविना केडगावचे मुक्ती मिशन चालविले, आणि मूळ भाषांवरून सर्व पवित्र शास्त्र मराठीत आणिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली पूर्ण प्रसिद्ध झाले.

यावरून आम्हांस असे वाटते की, दान देव देतो. मंडळीने ते केवळ ओळखावयाचे असते. ओळखण्यास उशीर झाला, तर हानी त्या भगिनीची नव्हे, मंडळीची होते.

उपदेशक बंधूंनी पुढील प्रश्न वर्गात विचारावे:
१. आपल्या गावी आजाऱ्यांस भेटणे व मुलांस शिकविणे ही सेवा कोण करिते?
२. मंडळीच्या पंचांत त्यांपैकी किती जणींस स्थान आहे?
३. नसल्यास, कारण शास्त्र आहे की केवळ गावची चाल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याची घाई करू नये. आधी प्रार्थना करावी, आणि मग भगिनींस प्रथम बोलू द्यावे.