गावठाणातील घर आणि जागेची हद्द

गावठाणात नवे घर बांधणे किंवा जुने पाडून पुन्हा उभारणे यासाठी पूर्वपरवानगी आवश्यक असते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 52 मध्ये तशी तरतूद आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा पाया भरल्यानंतरच अर्ज येतो, आणि तंटा उभा राहतो तो बहुधा हद्दीवरून.

अर्जदार नमुना 8 चा उतारा जोडतो व तोच मालकीचा पुरावा समजतो. वास्तविक ती करआकारणीची नोंद होय; घरपट्टी कोणाकडून घ्यावयाची, एवढेच तिच्यावरून कळते. भाऊबंदांत वाटणी तोंडी झालेली, मधली भिंत कोणाची हे ठाऊक नाही, पागोळीचे पाणी शेजाऱ्याच्या अंगणात पडते. अशा ठिकाणी पंचायतीने कशाच्या आधारे सही करावी?

24 एप्रिल 2020 रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे गावठाणाची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्यात येतात. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे हा प्रयोग त्यापूर्वीच झाला होता. पत्रिकेमुळे क्षेत्र व हद्द निश्चित होते. चौकशीच्या वेळी गावात नसलेल्या वारसाचे नाव मात्र राहून जाऊ शकते. तेव्हा चौकशीची तारीख नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यास गेलेल्या भावांना वेळेवर कळविण्याचे काम पंचायतीने अंगावर घेतलेले बरे.